बेटावरच्या मुलांमध्ये अंधार येतो कुठून?

विल्यम गोल्डिंग यांच्या १९५४ सालच्या 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज' या कादंबरीत निर्जन बेटावर अडकलेली शाळकरी मुलं बघता बघता एकमेकांच्या जिवावर उठतात. मोठ्यांचा धाक सुटला की माणसातलं जनावर बाहेर पडतं, असा तिचा अर्थ सर्रास लावला जातो. तो अपुरा आहे. धाक नाहीसा होण्याखेरीज त्या बेटावर आणखी दोन गोष्टी घडतात, आणि मानसशास्त्रज्ञांनी त्या प्रत्यक्ष तपासून पाहिल्या आहेत.

पहिली म्हणजे चेहरा लपणं. शिकारी मुलांचा म्होरक्या जॅक तोंडाला माती आणि कोळसा फासतो, करवंटीतल्या पाण्यात स्वतःला न्याहाळतो, आणि तिथून त्याची लाज संपते. एड डीनर आणि सहकाऱ्यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास नेमका यावरच आहे. हॅलोविनच्या रात्री सोंगं घेऊन दारोदार फिरणाऱ्या १,३५२ मुलांना 'एकच चॉकलेट घ्या' असं सांगून घरातली बाई आत जायची आणि लपलेला निरीक्षक नोंद ठेवायचा. नाव-पत्ता विचारलेल्या, एकट्या आलेल्या मुलांपैकी सुमारे ८ टक्क्यांनी हात मारला. नुसतं निनावी असलं किंवा नुसतं घोळक्यात असलं, तर हे प्रमाण २१ टक्क्यांच्या आसपास होतं. दोन्ही जुळून आलं तेव्हा ते थेट ५७ टक्क्यांवर गेलं.

दुसरी गोष्ट म्हणजे गट पडणं. इथे मुझफ्फर शेरीफ यांचा फसलेला प्रयोग जास्त बोलका आहे. १९५३ साली न्यू यॉर्क राज्यातल्या शिबिरात त्यांनी मुलांची आधी मैत्री होऊ दिली आणि मग दोन गट पाडले. संयोजकांनी मुद्दाम कळ लावूनही मुलं भांडेनात. उलट त्यांना मोठ्यांचाच संशय आला. प्रयोग गुंडाळावा लागला.

पुढच्या वर्षी ओक्लाहोमात त्यांनी क्रम बदलला. २२ मुलांचे दोन गट सुरुवातीचे काही दिवस एकमेकांना दिसूच दिले नाहीत. मग रस्सीखेच आणि बेसबॉलचे सामने लावले. चाकूचं बक्षीस फक्त जिंकणाऱ्यांना. लगेच झेंडे जाळले गेले, खोल्यांवर धाडी पडल्या, मारामाऱ्या सोडवायला मोठ्यांना मधे पडावं लागलं. मुलं मात्र चांगल्या घरांतली, मुद्दाम पारखून निवडलेली होती.

समेटासाठी एकत्र जेवायला बसवलं, तर मुलांनी एकमेकांवर अन्न फेकलं. उपयोग झाला तो सामाईक अडचणीचा. संयोजकांनीच पाण्याच्या टाकीची झडप बंद करून वर दगड रचले होते आणि नळात गोणपाट कोंबलं होतं. तहानलेल्या दोन्ही गटांनी मिळून ते काढलं. एवढ्याने भागलं नाही, त्याच संध्याकाळी पुन्हा शिवीगाळ झाली. सिनेमासाठी वर्गणी, बंद पडलेला ट्रक ओढणं (तोही रस्सीखेचीच्याच दोराने) अशी कामं एकापाठोपाठ एक आल्यावर वैर निवळलं.

गोल्डिंगच्या बेटावरही असं सामाईक काम होतं: जहाजांना दिसावा म्हणून धूर धरून ठेवायचा. (ती आग पिगी या लांबचं न दिसणाऱ्या मुलाच्या चष्म्याने पेटते, हे मात्र अशक्य. लांबचं न दिसणाऱ्याच्या चष्म्याचं भिंग अंतर्वक्र असतं. त्यातून किरण एकवटत नाहीत, फाकतात.) जॅक आगीवर नेमलेल्या मुलांनाच डुकराच्या शिकारीला घेऊन जातो. आग विझते, जहाज निघून जातं, आणि दोन गटांमधलं उघड भांडण तिथूनच सुरू होतं.