निफाडचे ४ अंश आणि विशनसरचा ट्राउट

हिवाळ्यात पेपरात एक बातमी ठरलेली असते, निफाडचा पारा घसरला, आणि सोबत द्राक्षबागेत पेटवलेल्या शेकोट्यांचा फोटो. पारा ४ वर आला की मला द्राक्षांऐवजी मासे आठवतात. घरचे हसतात, हसू देत.

झालं असं की आमच्या नाशिकच्या ट्रेकिंग ग्रुपमधला एक जण काश्मीरला विशनसरला जाऊन आला. साधारण ३७०० मीटर उंचीवरचा तलाव, हिवाळाभर गोठलेला, आणि त्यात ब्राउन ट्राउट. १९०० च्या सुमारास स्कॉटलंडहून अंडी आणून हा मासा काश्मीरच्या पाण्यात सोडला गेला. मित्राला तिथे कुणीतरी सांगितलं की बर्फ फुटल्या फुटल्या काठाजवळ गळ टाकला (परमिट काढून हां) की ट्राउट पटकन लागतो, कारण हिवाळाभर उपाशी असतो. मला काही हे पटेना. थंडीत माशाचं शरीरच मंद चालतं, त्याला भूकही कमीच. खरा खेळ पाण्याचा आहे.

बहुतेक सगळे पदार्थ थंड होताना आकसतात. पाणीही आकसतं, पण ४ अंशांपर्यंतच. त्याखाली रेणू एकमेकांना धरून पोकळ जाळी करायला लागतात, जागा जास्त व्यापतात आणि पाणी उलट हलकं होतं. म्हणून हिवाळा लागला की वरचं पाणी गार होऊन बुडतं, खालचं वर येतं, असं करत करत अख्खा तलाव ४ अंशांच्या आसपास येतो आणि त्यानंतर आणखी गार झालेलं पाणी बुडतच नाही, वरच तरंगतं आणि तिथेच गोठतं. तळाशी मासे ४ अंशांत निवांत. यात चमत्कार वगैरे काही नाही, आणि यावरून ‘जिवंत पाणी’, ‘स्मरणशक्तीचं पाणी’ म्हणून बाटल्या विकणाऱ्यांनाही काही आधार मिळत नाही.

आता बर्फ वितळतो तेव्हाची गंमत. गच्चीवरची हजार लिटरची टाकी घ्या. पाणी २४ वरून २५ अंशांवर गेलं तर तेवढ्याच हजार लिटरचं वजन साधारण २५० ग्रॅमने कमी होतं. ४ वरून ५ वर गेलं तर जेमतेम ८ ग्रॅमने! म्हणजे बर्फ गेल्यावर वरचं पाणी ४ च्या आसपास पोचलं की वरच्या-खालच्या पाण्यात वजनाचा फरकच उरत नाही, आणि मग नुसता वारा अख्खा तलाव ढवळून काढतो. गंगापूर धरणात मे महिन्यात हे जमणार नाही, वरचा कोमट थर खालच्या गार पाण्यावर सायीसारखा बसून राहतो, वाऱ्याने कितीही जोर लावला तरी.

हे ढवळणं म्हणजे तलावाने घेतलेला मोठा श्वास. बर्फाखाली महिनोन्महिने वापरून कमी झालेला ऑक्सिजन पुन्हा तळापर्यंत जातो. समुद्रसपाटीला लिटरभर पाण्यात ० अंशाला साधारण १४.६ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, २५ ला ८.३. विशनसरच्या उंचीवर हवाच विरळ, त्यामुळे एक तृतीयांशाहून जास्त कपात, पण गारव्याने ती बरीचशी भरून निघते. (इथे आकडेमोड डोक्यावरून गेली तर सोडून द्या.)

मग ट्राउट काठाला का येतो? उथळ पाणी आणि काळे दगड उन्हात आधी तापतात, दोन-तीन अंशांचाच फरक, पण किड्यांच्या अळ्या तिथेच आधी वळवळायला लागतात आणि माशाच्या अंगातही तिथेच जरा जोर येतो. तरी अजून सुस्तच, म्हणून आमिष हळूहळू ओढायचं, झपाझप ओढलं तर तो बघत बसतो.

मित्राने शेवटी विचारलंच, गंगापूरला ट्राउट सोडला तर? अरे बाबा, २५ च्या आसपास त्याचा जीव कासावीस होतो, आपल्या उन्हाळ्यात वरचं पाणी त्याच्याही पुढे, आणि खाली गार थरात जावं तर तिथे ऑक्सिजन कमी पडायचा. आपले रोहू-कटला आहेत तेच बरे.