पेट स्कॅनवर उजळलं म्हणजे कॅन्सरच पसरला, असं नाही

साठीतला माणूस. पोटात फारसं दुखत नाही, पण डोळे पिवळे, लघवी गडद, वजन उतरलेलं. सीटी स्कॅनमध्ये स्वादुपिंड सुजलेलं आणि पित्तनलिका दबलेली. पेट स्कॅनवर स्वादुपिंडाबरोबर छातीतल्या लसीकाग्रंथी आणि लाळग्रंथीही उजळतात. 'चौथी स्टेज' हे शब्द घरात येतात आणि पुढचं सगळं त्या धास्तीतच ठरतं.

पण पेट स्कॅन कॅन्सर दाखवत नाही, ग्लुकोज कुठे जास्त खर्च होतंय ते दाखवतो. सुजेतल्या पांढऱ्या पेशीही ग्लुकोज भराभर ओढतात. आयजीजी-४ (रक्तातलं एक प्रतिपिंड) प्रकारच्या आजारात शरीराचीच प्रतिकारशक्ती स्वादुपिंडावर उलटते आणि एकाच वेळी इतर अवयवांतही सूज धरते. तपासणाऱ्याला ती कॅन्सरची 'पसरण' वाटते.

काही खुणा वेगळ्या असतात. स्वादुपिंड सॉसेजसारखं सलग जाड होतं, कडेला पातळ पट्टा दिसतो. दोन्ही बाजूंच्या लाळग्रंथी सारख्याच सुजतात. रक्तातलं आयजीजी-४ वाढतं, हे जपानी संशोधकांनी २००१ मध्ये दाखवलं. तेव्हाची सीमारेषा होती १३५ मिग्रॅ प्रति डेसिलिटर. मात्र स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या काही रुग्णांतही हा आकडा थोडा वाढलेला सापडतो. उलट, 'सीए १९-९' हा कॅन्सरच्या संशयात रक्तात मोजला जाणारा घटक नुसत्या काविळीनेही चढतो. म्हणून एका आकड्यावर निदान करू नये, कोणत्याच बाजूने.

खरी भिस्त बायॉप्सीवर. एंडोस्कोपिक सोनोग्राफीने स्वादुपिंडाचा तुकडा घ्यावा. सुईने नुसत्या पेशी मिळाल्या तर या आजाराची ओळख असलेली तंतूंची चटईसारखी वीण आणि बुजलेल्या शिरा दिसत नाहीत. पॅथॉलॉजिस्टकडे आयजीजी-४ चं रंजन (तुकड्याला खास रंग देऊन केलेली तपासणी) आवर्जून मागावं लागतं. न मागितल्यास ते बहुधा होत नाही.

कॅन्सर नीट शोधूनही सापडला नाही, तरच स्टेरॉइड. त्याआधी आपल्याकडे क्षयरोग तपासायलाच हवा, कारण त्याच्याही गाठी पेट स्कॅनवर उजळतात आणि स्टेरॉइडने तो भडकतो. हिपॅटायटिस बी आणि साखरही पाहावी. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड साधारण वजनाच्या दर किलोमागे ०.६ मिग्रॅ, म्हणजे रोज ३०-४० मिग्रॅ. दोन आठवड्यांनी पुन्हा स्कॅन: सूज ठळकपणे उतरली तर निदानाला बळ मिळतं. उतरली नाही, तर डोस वाढवत बसू नये. कॅन्सरचा शोध पुन्हा सुरू करावा. सूज उतरलेल्यांचा डोस महिनाभराने हळूहळू कमी करतात. आजार उलटतो बऱ्याच जणांत, त्यामुळे औषध थांबल्यावरही तपासण्या सोडू नयेत.