चित्रपटवस्तूंची पारख

चित्रपटात वापरलेले कपडे, दागिने, शस्त्रे, मुखवटे किंवा यानांच्या छोट्या प्रतिकृती संग्राहकांच्या बाजारात येतात, तेव्हा त्या खरोखर पडद्यावर दिसलेल्याच आहेत का, हे ठरवण्याचे काम म्हणजे ही पारख. ‘खरी की खोटी’ एवढा सरळ प्रश्न इथे पुरत नाही. एकाच प्रसंगासाठी एकच पोशाख तीन-चार प्रतींत शिवतात. एक जवळून टिपायच्या दृश्यांसाठी, एक मारामारी करणाऱ्या डुप्लिकेटसाठी, एखादी कॅमेऱ्यासमोरच्या चाचणीपुरती. सगळ्या स्टुडिओतल्याच, त्यामुळे कुठलीच खोटी नाही. मोल मात्र प्रत्येकीचे वेगळे. म्हणून जाणकार आधी विचारतो की ही प्रत कशासाठी केली होती.

या कामातले जवळजवळ सगळे पेच एका पादत्राणात सापडतात. ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ (1939) या चित्रपटात ज्युडी गार्लंडने घातलेले लाल चमचमते बूट एमजीएम स्टुडिओचे वेशभूषाकार एड्रियन यांनी योजले होते. 1970 साली स्टुडिओने आपले सामान लिलावात काढले, तेव्हा एक जोडी 15,000 डॉलरला गेली. ती एकमेव आहे असाच सगळ्यांचा समज होता. मग टेनेसी राज्यातल्या एका बाईंनी सांगितले की अशीच जोडी आपल्याकडे आहे, 1940 मध्ये एका स्पर्धेत बक्षीस मिळालेली. आज किमान चार जोड्या माहीत आहेत. ‘एकमेव’ हा शब्द कानावर पडला की पारख करणाऱ्याने सावध व्हावे, ते यासाठी.

यांतली एक जोडी 2005 साली मिनेसोटातल्या ग्रँड रॅपिड्स गावच्या संग्रहालयातून चोरीला गेली. बुटांवर खरी माणके आहेत असे चोराला वाटले होते. अमेरिकेची तपास यंत्रणा एफबीआयच्या हाती ती जोडी 2018 मध्ये लागली आणि तपासणीसाठी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आली, कारण तिथे 1979 पासून दुसरी जोडी होती आणि तिचा टाका न् टाका तिथल्या संवर्धकांनी अभ्यासलेला होता. दोन्ही जोड्या शेजारी ठेवल्यावर एक विलक्षण गोष्ट दिसली. स्मिथसोनियनमधला डावा आणि उजवा बूट एकमेकांचे नव्हतेच. त्यांचे खरे जोडीदार चोरीतून परत आलेल्या जोडीत होते. कधीतरी स्टुडिओतच अदलाबदल झालेली. त्याहून बोलका पुरावा होता एका मण्याचा. बुटांवरच्या फितीच्या फुलात लाल काचेचे मणी आहेत. त्यांच्यात मूळचा पारदर्शक, वरून लाल रंगवलेला मणी दोन्ही जोड्यांत आढळला. मणी गळाला असेल, हाताशी लाल नसेल, म्हणून कुणीतरी साधा मणी रंगवून लावला असेल. नक्कल करणारा माणूस लाल मणी विकत आणतो. चित्रीकरणाच्या घाईत केलेली अशी डागडुजी त्याला सुचतही नाही. मला वाटते, या शास्त्राचे सारे सौंदर्य त्या एका मण्यात आहे. चोरीतून परत आलेली ही जोडी डिसेंबर 2024 मध्ये कमिशनसह 3.25 कोटी डॉलरला विकली गेली.

पडद्याशी ताळा घेण्याची पद्धतही याच तत्त्वावर चालते. चित्रपटातली एक चौकट (फ्रेम) मोठी करून वस्तूशेजारी ठेवतात आणि मुद्दाम न केलेल्या खुणा शोधतात. लाकडाचे रेषे, चौकड्यांचे कापड शिवणीपाशी किती सरकले आहे ते, हाताने लावलेल्या टिकल्यांची तिरपी ओळ, मुठीवरचा पोचा. रचना कुणीही उचलू शकतो, अपघात उचलणे अवघड. ‘स्टार वॉर्स’ (1977) मधली याने बाजारातल्या प्लॅस्टिक मॉडेल किटचे सुटे भाग चिकटवून केली होती. कुठला तुकडा किती वाकडा बसला यावरून त्यांची ओळख पटते. पडद्यावर नसलेला ओरखडा वस्तूवर असला तर चिंता नाही, तो नंतरचा असू शकतो. उलट पडद्यावरचा ओरखडा वस्तूवर नसेल, तर तिथे दुरुस्तीची खूण तरी दिसलीच पाहिजे.

मग येते आतली बाजू. पोशाख उलटा करून पाहिल्याशिवाय मत देऊ नये. अस्तराला शिवलेल्या पट्टीवर शाईने लिहिलेले नटाचे नाव असते. कधी एक नाव खोडून दुसरे घातलेले असते, कारण स्टुडिओ तोच कपडा रंगवून, आवळून पुढच्या चित्रपटाला वापरत. पॉलिएस्टरचा धागा 1950 नंतर रुळला, त्यामुळे 1939 च्या झग्यात तो दिसला तर ती नंतरची दुरुस्ती आहे किंवा झगाच नंतरचा आहे. अतिनील दिव्याखाली कापड निळसर-पांढरे चमकले तर नव्या काळातले पांढरेपणा आणणारे रसायन त्यात आहे. पण जुना कपडा नव्या पावडरीने धुतला तरी तो तसाच चमकतो, हे विसरून अनेकांनी चुका केल्या आहेत. फोम लॅटेक्सचा, म्हणजे फेसाळ रबराचा मुखवटा वर्षांनुवर्षांत कडक होतो, भुगा होतो. साठ-सत्तर वर्षांचा मुखवटा मऊ नि धडधाकट असेल तर तोच संशयाचा मुद्दा.

कागदपत्रांना बाजारात फार मान आहे, आणि तो पुष्कळदा अनाठायी आहे. विक्रेत्याने दिलेले प्रमाणपत्र म्हणजे विक्रेत्याचाच शब्द. नटाचे चाळीस वर्षांनी लिहिलेले पत्रही प्रामाणिक असून चुकीचे असू शकते. आपण चारपैकी कोणता कोट घातला होता, हे कुणाला आठवणार? स्टुडिओची जुनी यादी, भाड्याची पावती, सेटवरचा फोटो यांचे वजन जास्त, कारण ते कागद विक्रीसाठी तयार झालेले नसतात.

आपल्याकडे ही पारख अधिक कठीण. नाटक-चित्रपटांचा कपडेपट भाड्याने यायचा, परत जायचा, उसवून दुसऱ्याच्या मापाचा व्हायचा. जपून ठेवण्याचा विचारच नव्हता. म्हणून भानू अथैया यांचा वारसा मोलाचा ठरतो. कोल्हापूरच्या या वेशभूषाकार ‘गांधी’ (1982) साठी जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर मिळवून पहिल्या भारतीय मानकरी ठरल्या. हेच मोलो ‘स्टार वॉर्स’चेही वेशभूषाकार. भानूताईंनी ऑस्करचा पुतळा 2012 मध्ये सुरक्षिततेच्या काळजीने, तो देणाऱ्या अकादमीकडे परत सोपवला. ऑक्टोबर 2020 मध्ये त्या गेल्या आणि त्याच डिसेंबरात त्यांची रेखाचित्रे व कपडे मुंबईत लिलावाला आले. चित्र आणि कपडा दोन्ही करणाऱ्याच्याच घरून एकत्र येणे, याहून स्वच्छ माग मिळत नाही.

घरोघरच्या ट्रंकांत असे कपडे अजूनही असतील. ते धुऊन इस्त्री करून दाखवायला आणले जातात, तेव्हा वाईट वाटते. गळपट्टीला लागलेला मेकअप, काखेतले घामाचे डाग, घाईने मारलेले टाके हे सगळे तपासायचे असते, आणि एका धुण्यात त्यातले बरेचसे निघून जाते.