हिपार्कस

हिपार्कस (इ. स. पू. सुमारे १९०–सुमारे १२०) हा ग्रीक ज्योतिर्विद व गणिती संपातचलनाचा (सूर्याचा वार्षिक मार्ग, म्हणजे क्रांतिवृत्त, व खगोलीय विषुववृत्त जेथे छेदतात त्या संपातबिंदूंच्या संथ सरकण्याचा) शोधक मानला जातो. त्याचा जन्म बिथिनियातील नायसीया (सध्याचे तुर्कस्तानातील इझनिक) येथे झाला व त्याचे उत्तरायुष्य ऱ्होड्स बेटावर वेध घेण्यात गेले. कवी अराटस व ज्योतिर्विद युडॉक्सस यांच्या तारकासमूहवर्णनांवरील त्याचा टीकाग्रंथ तेवढा उपलब्ध असून बाकीच्या कार्याची माहिती मुख्यतः इ. स. दुसऱ्या शतकातील ज्योतिर्विद टॉलेमी याच्या अल्माजेस्ट या ग्रंथातून मिळते.

अलेक्झांड्रियाचा ज्योतिर्विद टिमोकॅरिस याच्या, म्हणजे सुमारे एकशे साठ वर्षे आधीच्या वेधांत चित्रा तारा शरद संपातापासून ८° अंतरावर होता. हिपार्कसला तो ६° वर आढळला. या फरकावरून संपाताची गती वर्षाला सुमारे ४५ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) येते (आधुनिक मूल्य ५०.३). तथापि ती शतकाला १° पेक्षा कमी नसावी, एवढेच त्याने सावधपणे नमूद केले. टॉलेमीने मात्र ही किमान मर्यादाच प्रत्यक्ष गती मानली.

अल्माजेस्टमधील तारकासूचीविषयीचा वाद येथूनच सुरू होतो. सूचीतील वेध आपणच घेतल्याचे टॉलेमी सांगतो. पण तिच्यातील भोग (क्रांतिवृत्तावर वसंत संपातापासून मोजलेली अंतरे) सरासरीने सुमारे १° कमी आहेत. हिपार्कसच्या भोगांत शतकाला १° या गतीने मधल्या २६५ वर्षांचे २° ४०′ मिळविले, तर नेमकी एवढीच तूट येते, म्हणून टॉलेमीने जुनी सूचीच पुढे सरकवली, असे अनेक अभ्यासक मानतात. सिनाईतील सेंट कॅथरिन मठातून आलेल्या, मूळ मजकूर खरवडून पुन्हा लिहिलेल्या चर्मपत्रांवर उत्तर मुकुट या तारकासमूहाचे, हिपार्कसच्या सूचीतील मानले जाणारे सहनिर्देशक (स्थान दर्शविणारे आकडे) वाचता आल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. ते इ. स. पू. १२९ च्या सुमारास लागू पडतात व त्यांतील चूक १° च्या आत आहे. टॉलेमीची सूची क्रांतिवृत्तावर आधारलेली असून हे सहनिर्देशक विषुववृत्तीय आहेत. त्यामुळे टॉलेमीने अनेक साधने एकत्र केली असावीत, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

सांपातिक वर्ष (सूर्य एका संपातापासून पुन्हा त्याच संपाताशी येण्याचा काळ) ३६५ १/४ दिवसांपेक्षा १/३०० दिवसाने लहान असल्याचे हिपार्कसने ठरविले. हे मान सुमारे साडेसहा मिनिटांनी जास्त आहे.

त्याचे जीवाकोष्टक (वर्तुळातील निरनिराळ्या कोनांच्या जीवांची लांबी देणारे कोष्टक) नष्ट झाले आहे. त्यात त्रिज्या ३,४३८ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) धरली होती, असा एक तर्क आहे. आर्यभटाच्या ज्यासारणीतील (ज्या म्हणजे साइन) त्रिज्याही तीच असल्याने या तर्काची भारतीय गणिताच्या संदर्भात विशेष चर्चा झाली; परंतु तो चंद्रगतीच्या आकड्यांवरून काढलेला असल्यामुळे निर्णायक मानता येत नाही.