साका बाहेरून दिसत नाही

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात आमच्या शाळेतल्या आठवीच्या एका मुलीने हापूस आंब्यातल्या साक्यावर, म्हणजे आतला गर खराब करणाऱ्या दोषावर, प्रकल्प मांडला होता. देवगड तालुक्यातलं गाव, घरची कलमं. उतरवलेला आंबा उन्हात तापू का द्यायचा नाही, कैरी चौदा आण्यांवर, म्हणजे पूर्ण तयार व्हायच्या जरा आधी, काढली तर साका कमी का होतो, हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तक्ता तिनेच रंगवला होता. परीक्षक समोर येऊन उभे राहिले आणि तिचा आवाज बसला. ती तक्त्याकडे वळली, त्यावरचा मजकूर भराभर वाचून काढला आणि थांबली. परीक्षक पुढच्या टेबलाकडे गेल्यावर मला म्हणाली, "बाई, माका सगळा म्हायत होता, पण थंय काय्येक सुचाक नाय."

त्या वेळी मी तिला म्हटलं, पुढच्या खेपेला आणखी चार वेळा वाचून ये. पंचवीस वर्षं विज्ञान शिकवूनही मी चुकीचा सल्ला दिला होता. तो चुकीचा का, हे पुढच्या काही महिन्यांत वाचताना समजत गेलं.

समोर माणसं आली की शरीरात काय होतं, ते आता बऱ्यापैकी माहीत आहे. मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या ग्रंथी अ‍ॅड्रेनलिन सोडतात. हृदय जोरात धडधडतं, तळवे ओलसर होतात, तोंड कोरडं पडतं, पोटाकडचं रक्त स्नायूंकडे वळतं आणि आपण म्हणतो, पोटात गोळा आला. लढायची किंवा पळायची ही तयारी अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली पुस्तकरूपाने मांडली. वाघ समोर असो की परीक्षक, शरीराची सुरुवातीची धावपळ एकच. या लाटेचा जोर बहुधा बोलायच्या आधी आणि पहिल्या एक-दोन मिनिटांत सर्वांत जास्त असतो, मग ती ओसरू लागते. आमच्या मुलीचं नशीब असं, की तिचं बोलणं ती ओसरण्याआधीच संपलं.

दुसरं रसायन संथ आहे. ते म्हणजे कॉर्टिसॉल. जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९३ साली ताण मोजायची एक चाचणी प्रसिद्ध केली. माणसाला थोडा वेळ तयारीला द्यायचा, मग परीक्षकांपुढे उभं करून पाच मिनिटं बोलायला लावायचं. परीक्षकांनी हसायचं नाही, मानही डोलवायची नाही. त्यानंतर पाच मिनिटं १०२२ मधून तेरा-तेरा वजा करत जायचं, चुकलं की पुन्हा १०२२ पासून. लाळेतलं कॉर्टिसॉल मोजलं, तर बहुतेकांचं चांगलंच वाढलेलं निघतं. प्रयोगशाळेत ताण निर्माण करण्यासाठी जगभर आजही हीच चाचणी वापरतात. म्हणजे माणसाला हमखास ताण द्यायचा, तर शास्त्रज्ञांनी निवडलं काय, तर निर्विकार चेहऱ्यांपुढचं भाषण. त्या मुलीला भित्री म्हणणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं.

कॉर्टिसॉल वाढलेलं असताना पाठ केलेलं आठवणं जड जातं. "काय्येक सुचाक नाय" ही सबब नव्हती, ते तिच्या मेंदूत घडत होतं.

मग वाचून काय उपयोग? अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाचा २०१६ सालचा एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. त्यात १२० जणांनी शब्द आणि चित्रं लक्षात ठेवली. अर्ध्यांनी ती पुन्हा पुन्हा पाहिली. उरलेल्यांनी एकदा पाहून नंतर न बघता आठवून लिहायचा सराव केला. एका दिवसानंतर दोन्ही गटांतल्या निम्म्या लोकांना माणसांपुढे भाषण आणि गणितं करायला लावून ताण दिला. फक्त पाहून शिकलेल्यांची आठवण ताणाखाली घसरली. आठवण्याचा सराव केलेल्यांची घसरली नाही. वाचताना मजकूर डोळ्यांपुढे असतो, म्हणून तो आपल्याला येतो असं वाटतं. पण वहीतून वाचणं आणि वही मिटून आतून काढणं ही मेंदूसाठी वेगळी कामं आहेत. परीक्षकांपुढे दुसरं लागतं आणि आपण सराव पहिल्याचा करतो.

आता झुरळं. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली झुरळांना उजेडापासून पळायला लावलं. एक वाट सरळ होती, दुसरी वळणाची. बाजूला पारदर्शक खोक्यांत बघे म्हणून दुसरी झुरळं ठेवली. बघे असताना सरळ वाटेवरची झुरळं जास्त वेगाने धावली आणि वळणाच्या वाटेवरची मात्र जास्त वेळ घुटमळली. झायोन्स यांचं म्हणणं असं, की कुणीतरी समोर असलं की शरीर चेततं आणि जी कृती आपल्यात सर्वांत पक्की बसलेली असते तीच वर येते. काम सवयीचं असेल तर ते उजळतं, नवखं असेल तर बिघडतं. आमच्या मुलीत पक्कं काय होतं? तक्ता वाचणं. समोर माणसं आली आणि तेच वर आलं.

हे वाचताना मला दशावतार आठवला. आमच्याकडे कार्तिकापासून जत्रा सुरू होतात आणि देवळापुढे रात्रभर नाटक चालतं. लिहिलेली संहिता नाही. पुराणातलं कथानक ठरतं, कोण कोणती भूमिका करणार ते ठरतं आणि संवाद रंगमंचावरच जुळत जातात. एका जुन्या कलाकाराला मी विचारलं, इतक्या माणसांपुढे सुचतं कसं? ते म्हणाले, "पयला वाक्य गेला की पुढचा आपोआप येता." अ‍ॅड्रेनलिनची लाट पहिल्या मिनिटात सर्वांत उंच असते, नेमकं तेव्हाचं वाक्य त्यांनी पक्कं करून ठेवलेलं असतं. बाकीचं पाठ नसतं, पण शेकडो रात्री आतून काढलेलं असतं.

भाषणाच्या पुस्तकांत हमखास सांगतात, समोर दगडधोंडे बसलेत असं समजा. मला हे पटत नाही. देवळातलं गाऱ्हाणं ऐका. गावकर "बा देवा म्हाराजा" म्हणून एकेक मागणं मांडतो आणि प्रत्येक मागण्याला सगळा गाव "व्हय म्हाराजा" म्हणतो. त्या होकारात बोलणाऱ्याला श्वास घ्यायला उसंत मिळते. श्वास सावकाश सोडताना हृदयाची गती किंचित उतरते, हे शरीरशास्त्रही सांगतं. ट्रिअरच्या परीक्षकांनी काढून घेतला तो हाच होकार. माणसांना दगड मानलं तर आपणच तो गमावतो.

एक गोष्ट मात्र मला आधी माहीत असायला हवी होती. आपली घबराट सगळ्यांना दिसतेय असं बोलणाऱ्याला वाटतं, पण ऐकणाऱ्यांना ती तितकी दिसत नाही. केनेथ साविट्स्की आणि थॉमस गिलोविच यांनी २००३ साली हे भाषणांच्या प्रयोगात दाखवलं. ज्यांना ही गोष्ट आधीच समजावून सांगितली, त्यांची भाषणं त्यांना स्वतःला आणि ऐकणाऱ्यांनाही सरस वाटली. हे मी मुलीला सांगितलं तेव्हा ती लगेच म्हणाली, "म्हणजे साक्यासारखा." साका धरलेला हापूस वरून अगदी देखणा असतो, आतला गर बाठीजवळ पांढरट आणि भुसभुशीत झालेला असतो.

आम्ही तक्त्यावरची वाक्यं काढून टाकली आणि फक्त चित्रं ठेवली. जे कानावर पडतंय तेच डोळ्यांपुढे छापलेलं असलं तर ऐकणाऱ्यालाही दोन्ही धड झेपत नाही. पहिली दोन वाक्यं तिने पक्की केली. बाकीचं वही मिटून, दर वेळी नव्या शब्दांत. पहिल्यांदा पडवीत आजीपुढे. आजी मध्येच थांबवून आपलंच सांगायची, ते फार उपयोगी पडलं. मग पाचवीच्या वर्गापुढे. शेवटी शिक्षकांच्या खोलीत. तिथे मी सगळ्यांना बजावलं होतं, हसायचं नाही, मान हलवायची नाही. त्या दिवशी ती दोनदा अडली आणि दोन्ही वेळा चित्राकडे बघून स्वतःच पुढे गेली.

या वर्षी ती पुन्हा उभी राहिली. परीक्षकांनी विचारलं, बाहेरून साका ओळखता येतो का? हा प्रश्न आम्ही सरावात घेतला नव्हता. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "डोळ्यांनी नाही. एक्स-रे काढला तर दिसतो, नाहीतर कापल्यावरच कळतं." परीक्षक वाकून तक्त्यावरच्या कापलेल्या आंब्याचं चित्र बघू लागले. टेबलाखाली तिने ओढणीचं टोक बोटाभोवती घट्ट गुंडाळलं होतं. मी मागे उभी होते म्हणून मला दिसलं.