खाजनाचा काळा चिखल आणि हवेतला प्राणवायू

ओहोटीच्या वेळी गोव्यातल्या मांडवी किंवा जुवारी नदीच्या काठाने जाताना बांधालगतच्या चिखलातून कुजक्या अंड्यांसारखा वास येतो आणि बरोबरच्या माणसांपैकी कुणीतरी हमखास म्हणते, की इथे गटाराचे पाणी सोडलेले दिसते. काही ठिकाणी ते खरोखरच सोडले जाते आणि त्याविरुद्ध बोललेच पाहिजे. पण जिथे आसपास वस्ती नाही, गटार नाही, अशा खारफुटीच्या चिखलालाही हाच वास असतो. तो हायड्रोजन सल्फाइड या वायूचा वास आहे. त्यावरून लोक असा निष्कर्ष काढतात की ही जमीन सडलेली आहे, मेलेली आहे, आणि एकदा तसे ठरले की तिच्यात भराव घालण्याची भाषा सुरू व्हायला वेळ लागत नाही. हा निष्कर्ष सर्वस्वी चुकीचा आहे. तो वास सूक्ष्मजीवांच्या श्वासोच्छ्वासातून येतो, आणि तो श्वासोच्छ्वास समजून घेतला तर माती, पाणी व हवा मिळून जीवसृष्टी कशी उभी राहते हे गोव्याच्या खाजनात, म्हणजे बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेल्या नदीकाठच्या सखल जमिनीत, फार स्पष्ट दिसते.

शाळेच्या पुस्तकात माती, पाणी आणि हवा यांचे धडे वेगवेगळे असतात. प्रत्यक्षात चांगल्या मातीचे जवळजवळ निम्मे आकारमान पोकळ असते आणि त्या पोकळ्या पाणी व हवा आपसात वाटून घेतात. मुळांना आणि मातीतल्या जिवाणूंना श्वसनासाठी लागणारा प्राणवायू या पोकळ्यांतूनच येतो. आता जूनमध्ये पाऊस सुरू झाला, शेतात पाणी साचले आणि सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्या, तर काय होईल? एक लिटर हवेत सुमारे 270 मिलिग्रॅम प्राणवायू असतो. आपल्याकडच्या उबदार पाण्याच्या एका लिटरमध्ये जेमतेम 8 मिलिग्रॅम विरघळतो. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे पाण्यातून प्राणवायूचे रेणू हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतात. म्हणजे साठा कमी आणि पुरवठा त्याहून कमी. चिखलातले जिवाणू मात्र पूर्वीइतक्याच भुकेने कुजलेली पाने, मुळे आणि धसकटे खात असतात, त्यामुळे पाणी साचल्यापासून साधारण एका दिवसात चिखलातला प्राणवायू संपतो.

प्राणवायू संपला म्हणजे जीवन थांबले, असे आपल्याला वाटते, कारण आपण माणसे आहोत. श्वसनाचे मूळ काम म्हणजे अन्नातून काढलेले इलेक्ट्रॉन कुणाच्या तरी हवाली करणे. आपल्या पेशी ते प्राणवायूच्या हवाली करतात आणि त्यातून पाणी तयार होते. चिखलातल्या जिवाणूंना इतरही गिऱ्हाइके ठाऊक असतात. बाजारात इसवण मिळेनाशी झाली की बांगडा घ्यावा आणि बांगडाही संपला की तारल्यांवर भागवावे, तसा हा क्रम चालतो. प्राणवायू संपला की नायट्रेट, मग मँगनीजचे ऑक्साइड, मग लोहाचे ऑक्साइड, मग सल्फेट, आणि शेवटी काहीच उरले नाही तर खुद्द कार्बन डायऑक्साइड. क्रम ठरतो तो मिळणाऱ्या ऊर्जेवर. ग्लुकोजचा एक रेणू नायट्रेटच्या आधारे जाळला तर प्राणवायूइतकीच म्हणावी अशी ऊर्जा मिळते. सल्फेटच्या आधारे मात्र एक पंचमांशाहूनही कमी. वरच्या पायरीचा माल शिल्लक असेपर्यंत तो वापरणारे जिवाणू अन्न आधी पटकावतात आणि खालच्या पायरीवरच्यांना फारसे काही उरू देत नाहीत.

हा उतार मोजता येतो. चिखलात प्लॅटिनमचा इलेक्ट्रोड खुपसून विद्युत विभव मोजला, तर हवेशीर मातीत तो अधिक 400 मिलिव्होल्टच्या वर असतो. तटस्थ मातीत नायट्रेट संपता संपता तो अधिक 250 च्या आसपास येतो, लोहाचे रूपांतर चालू असताना अधिक 100 च्या जवळपास असतो, सल्फेटची पाळी येते तेव्हा शून्याखाली घसरून उणे 150 च्या घरात जातो आणि मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव कामाला लागतात तेव्हा उणे 200 किंवा त्याहून खाली असतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने यातली पहिली पायरी खिशाला जाऊन भिडते. नायट्रेटवर श्वसन करणारे जिवाणू त्याचा नायट्रोजन वायू करून हवेत परत पाठवतात. म्हणून साचलेल्या पाण्यात वरून फेकलेल्या युरियाचा बराच भाग पिकाला मिळत नाही: चिखलाच्या अगदी वरच्या, थोडाफार प्राणवायू असलेल्या थरात त्याचे नायट्रेट होते, ते खाली झिरपते आणि तिथे वायुरूप होऊन उडून जाते. तोच युरिया चिखलात खोल दाबला तर अमोनियमच्या रूपात टिकून राहतो.

माझ्या दृष्टीने या साखळीतली सर्वांत सुंदर पायरी लोहाची आहे, आणि ती पाहायला गोव्यासारखी जागा नाही. आपली माती लाल आहे ती जांभ्यातल्या लोहाच्या ऑक्साइडमुळे. या रूपातले लोह तीन इलेक्ट्रॉन गमावलेले असते आणि पाण्यात विरघळत नाही, म्हणून हजारो पावसाळे होऊनही ते डोंगरावर टिकून आहे. पाण्याखाली जिवाणू त्याला एक इलेक्ट्रॉन परत देतात. मग ते विरघळू लागते, त्याचा लाल रंग जातो आणि चिखल निळसर करडा दिसू लागतो. या एका देवाणघेवाणीतून दोन गोष्टी घडतात. पहिली अशी, की लोहाच्या कणांना घट्ट चिकटून बसलेला, एरवी पिकाच्या हाती न लागणारा फॉस्फरस सुटा होतो. दुसरी अशी, की या अभिक्रियेत आम्लाचे हायड्रोजन आयन खर्ची पडतात, त्यामुळे आम्लधर्मी जांभ्या मातीचा सामू, म्हणजे पीएच, पाणी साचल्यावर काही आठवड्यांत आपोआप वर चढून साडेसहा ते सातच्या जवळ येतो. श्रीलंकेत जन्मलेले आणि फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत काम केलेले मृदाशास्त्रज्ञ फेलिक्स पोन्नंपेरुमा यांनी पाण्याखालच्या मातीचे हे रसायनशास्त्र 1972 साली एका दीर्घ लेखात सविस्तर मांडले आणि आजही या विषयाची सुरुवात तिथूनच होते. मिरचीला किंवा चवळीला जी जमीन आंबट ठरते तीच पाणी साचवून भाताला मानवते, यामागचे हे कारण आहे.

पण भाताच्या मुळालाही प्राणवायू हवाच असतो, तो कुठून येतो? श्रावणात शेतात उतरून भाताचे एक रोप मुळासकट हलकेच उपटावे आणि मुळे पाण्यात हळूच धुवावीत. चिखल करडा असतो, पण जुन्या मुळांवर गंजासारखा तांबूस लेप असतो आणि तो बोटाने चोळला तरी सहज निघत नाही. तो गंजच आहे. भाताच्या पानांपासून देठातून मुळाच्या टोकापर्यंत हवेच्या पोकळ नळ्या गेलेल्या असतात आणि त्यांतून प्राणवायू खाली उतरतो. मुळातून थोडा बाहेरही झिरपतो, आणि भोवतालच्या चिखलातले विरघळलेले लोह त्याच्या संपर्कात येताच पुन्हा ऑक्साइड होऊन मुळावरच बसते. हे पिकाच्या हिताचे असते, कारण विरघळलेले लोह अतिरेकाने आत गेले तर पानांवर तपकिरी ठिपके पडून रोप खुरटते. मुळाच्या बुंध्याकडचा भाग मात्र आपल्या सालीत मेणचट थर तयार करतो, म्हणजे प्राणवायू वाटेत गळून न जाता टोकापर्यंत पोहोचतो. चोडण बेटावरच्या पक्षी अभयारण्यात खारफुटीच्या झाडांखाली चिखलातून वर आलेली बोटांसारखी श्वसनमुळे दिसतात. त्यांनी हाच प्रश्न दुसऱ्या तऱ्हेने सोडवलेला आहे.

भाताच्या शेतात उभ्या असलेल्या उथळ पाण्याचेही एक काम आहे. त्यात वाढणारी नील-हरित शैवाले हवेतला नायट्रोजन पकडून मातीत आणतात, हे भारतीय संशोधक पी. के. डे यांनी 1939 साली दाखवून दिले. शतकानुशतके फारसे खत न घालता भाताची शेते पीक देत आली, त्याचे एक मोठे कारण हे आहे.

आता त्या वासाकडे येऊ. गोव्यातली सुमारे 18 हजार हेक्टर खाजन जमीन समुद्राच्या भरतीच्या पातळीखाली आहे. गावकरीने, म्हणजे गावाच्या सामूहिक जमीन-संस्थेने, बांधलेले मातीचे बांध आणि मानस, म्हणजे बांधातले पाण्याचे दार, यांच्या आधारावर ती टिकली. भरतीचे पाणी मानशीची लाकडी दारे बाहेरून दाबून बंद करते आणि ओहोटीला आतले पाणी ती ढकलून बाहेर पडते, असा हा साधा आणि अचूक बंदोबस्त आहे. पावसाळ्यात मिठाचा अंश धुऊन गेला की कोरगुटासारखे खारेपणा सोसणारे भात तिथे पिकते. बांधाबाहेरच्या चिखलात आणि जिथे खारे पाणी पोहोचते तिथे समुद्राबरोबर सल्फेट येते, कारण समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे 2.7 ग्रॅम सल्फेट असते. सल्फेटवर श्वसन करणारे जिवाणू त्याचे सल्फाइड करतात. त्यातला थोडा भाग वायुरूपाने आपल्या नाकापर्यंत येतो आणि पुष्कळसा भाग लोहाशी संयोग पावून चिखलाला काळा रंग देतो. हे जिवाणू काम करत असतात तिथे मिथेन बनवणाऱ्यांना फारसे खाद्य उरत नाही. गोड्या पाण्यात बुडलेले भाताचे शेत भरपूर मिथेन सोडते आणि त्यातला बहुतेक भाताच्याच पोकळ नळ्यांतून वर येतो. खाऱ्या चिखलात मात्र मिथेनचे प्रमाण पुष्कळ कमी असते. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन हा कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट उष्णता धरून ठेवतो, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या वासाची किंमत कळते.

हवेतल्या प्राणवायूशीही या चिखलाचा संबंध आहे, आणि तो आपण सहसा ऐकतो त्याच्या नेमका उलट आहे. पिंपळ चोवीस तास प्राणवायू सोडतो, म्हणून त्याच्याखाली झोपावे, असे संदेश मोबाइलवर फिरत असतात. प्रकाशाशिवाय कोणतेही झाड प्राणवायू तयार करू शकत नाही. रात्री पिंपळही आपल्यासारखाच प्राणवायू घेतो. पिंपळ पूजनीय असेल, तर त्याला या खोट्या आधाराची गरज नाही. दिवसा झाडाने सोडलेला प्राणवायूही फार काळ शिल्लक राहत नाही: पान गळून कुजते किंवा किड्याच्या पोटात जाते, तेव्हा ते तयार होताना जितका प्राणवायू बाहेर पडला होता जवळपास तितकाच परत खर्च होतो. जगातली सगळी जंगले जाळली तरी हवेतला 21 टक्के प्राणवायूचा साठा एक टक्क्यानेही घटणार नाही. जंगले वाचवायची ती पाणी, माती, हवामान आणि त्यांतल्या जिवांसाठी. मग हा साठा जमला कसा? कुजण्यापूर्वीच चिखलात पुरल्या गेलेल्या सेंद्रिय पदार्थांमुळे. वनस्पती आणि शैवाले जे काही तयार करतात त्याचा हजारातला जेमतेम एखादा भाग प्राणवायू नसलेल्या गाळात गाडला जातो, आणि तेवढ्याच प्रमाणातला प्राणवायू हवेत शिल्लक राहतो. लोह आणि गंधकाचे पायराइट गाळात पुरले जाते, त्याचाही या हिशेबात मोठा वाटा आहे. आपण घेतो तो प्रत्येक श्वास कोट्यवधी वर्षे साचलेल्या काळ्या चिखलाच्या जमाखात्यातला आहे.

पृथ्वीच्या इतिहासाच्या जवळजवळ पहिल्या अर्ध्या भागात हवेत मोकळा प्राणवायू नव्हता. त्या काळच्या समुद्रात लोह विरघळलेल्या रूपात होते, आज पावसाळ्यात भाताच्या चिखलात असते तसेच. पुढे ते ऑक्साइड होऊन तळाशी बसले आणि त्यातून पट्टेदार खडक तयार झाले. डिचोली, सत्तरी आणि सांगे या भागांतले लोहखनिज अशाच अडीच अब्ज वर्षांच्या आसपासच्या खडकांतून आले आहे. डोंगरावरच्या खाणीत आणि नदीकाठच्या खाजनात एकाच मूलद्रव्याचे एकच रसायनशास्त्र आहे. खाणीत ते गोठलेले आहे आणि खाजनात ते दरवर्षी नव्याने चालते.

म्हणूनच खाजनात खोदकाम करणाऱ्यांनी एक गोष्ट तपासून पाहावी. जोवर चिखल पाण्याखाली आहे तोवर त्यातले पायराइट निरुपद्रवी असते. तो उपसून उन्हात टाकला किंवा पाण्याची पातळी कायमची खाली नेली, की हवा आत शिरते आणि पायराइटच्या प्रत्येक रेणूमागे गंधकाम्लाचे दोन रेणू तयार होतात. सामू चारच्या खाली उतरतो, मातीतले ॲल्युमिनियम विरघळते आणि पावसाबरोबर ते पाणी नाल्यात गेले, तर माशांचे कल्ले निकामी होतात. केरळच्या कुट्टनाडमध्ये अशा आम्लधर्मी काळ्या जमिनी प्रसिद्ध आहेत आणि तिथल्या शेतकऱ्यांना चुन्याचा खर्च करावा लागतो. तपासणी अवघड नाही. खोलवरचा निळसर काळा गाळ बशीत पातळ थराने पसरावा, त्याचा सामू मोजावा, मग तो सुकू न देता, नुसता ओलसर ठेवून आठ आठवडे उघड्यावर राहू द्यावा आणि पुन्हा मोजावा. सुरुवातीला साताच्या आसपास असलेला आकडा चारच्या खाली गेला, तर तो गाळ बांधाच्या माथ्यावर किंवा भातात पसरू नये. तो पाण्याखालीच असू द्यावा.