राउनेख्टे आणि ओरॅकल कार्डे

ओरॅकल कार्डे म्हणजे चित्रे आणि मोजके शब्द छापलेल्या पत्त्यांचा संच. मनात प्रश्न धरून पत्ते पिसायचे, एक काढायचा आणि त्यावरचे चित्र आपल्या परिस्थितीशी ताडून पाहायचे, अशी त्याची रीत. हिवाळ्यातील आत्मचिंतनासाठी या कार्डांचा वापर अनेक देशांत होतो. त्याला ठरलेले वेळापत्रक आणि जुन्या लोकाचाराचा आधार मिळाला तो मात्र जर्मनी, ऑस्ट्रिया व स्वित्झर्लंड या जर्मनभाषक प्रदेशात. नाताळपासून ६ जानेवारीच्या, बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या ‘तीन राजांच्या’ सणापर्यंतच्या बारा रात्रींना तिथे ‘राउनेख्टे’ म्हणतात. त्या प्रत्येक रात्री एक कार्ड काढण्याची प्रथा अलीकडची आहे. रात्री मात्र फार जुन्या.

राउनेख्टे या नावाची व्युत्पत्ती दोन तऱ्हांनी लावतात. एक ‘राउख’, म्हणजे धूर, या शब्दावरून. दुसरी केसाळ, राकट या अर्थाच्या जुन्या शब्दावरून, कारण या रात्री कातडी पांघरलेली भुते हिंडतात अशी समजूत होती. धुराचा आचार तर आजही टिकून आहे. आल्प्सच्या परिसरातील शेतकरी कुटुंबे निखाऱ्यांवर ऊद किंवा झाडांचा राळ घालून ती धुपाटणी घरभर आणि गोठ्यातून फिरवतात. सबास्टियन फ्रांक या लेखकाने १५३४ मध्ये जर्मनीच्या फ्रांकोनिया भागातील चालीरीती नोंदवताना, या बारा रात्रींत ऊद जाळत नाही असे घर नाही, असे लिहून ठेवले आहे. काही भागांत बाराही रात्री पाळत नाहीत. नाताळच्या काही दिवस आधीची संत थॉमसची रात्र, नाताळची पूर्वसंध्या, वर्षअखेर आणि ५ जानेवारी या चारच महत्त्वाच्या मानतात.

या रात्री दोरीवर धुणे वाळत घालू नये, असा दंडक होता. आभाळातून धावणाऱ्या भुतांच्या ‘रानटी शिकारी’च्या टोळीतले कोणी त्यात अडकेल आणि तीच चादर वर्षाच्या आत घरातल्या कोणाचे तरी कफन होईल, ही भीती. मध्यरात्री गोठ्यातली जनावरे माणसासारखी बोलतात, असेही मानत. कार्डांच्या दृष्टीने मात्र सर्वांत महत्त्वाची समजूत वेगळीच आहे: बारा रात्री म्हणजे येत्या वर्षाचे बारा महिने. पहिल्या रात्रीचे हवामान आणि स्वप्न जानेवारीचे, दुसरीचे फेब्रुवारीचे, असे मोजत जायचे.

बाराच रात्री का, याचे लोकप्रिय स्पष्टीकरण मराठी वाचकाला लगेच पटण्याजोगे आहे. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचे आणि सौरवर्ष ३६५ दिवसांचे. मध्ये उरतात अकरा दिवस, म्हणजे बारा रात्री; या कोणत्याच महिन्याच्या नव्हेत, म्हणून त्या काळाबाहेरच्या. हीच तफावत आपले पंचांग साधारण ३२–३३ महिन्यांनी अधिक मास घालून भरून काढते. अधिक मासही रोजच्या व्यवहारातून बाजूला काढलेला, व्रत-दानाचा काळ मानला जातो. दोन्हीकडे उरलेल्या दिवसांना अंतर्मुख होण्याचेच काम दिले गेले, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

आजची पद्धत साधी आहे. २४ डिसेंबरच्या मध्यरात्रीपासून (काहीजण २१ डिसेंबरच्या अयनदिनापासून) रोज संध्याकाळी धूप करायचा, दिवा लावून बसायचे, त्या रात्रीच्या महिन्यासाठी एक कार्ड काढायचे. कार्डाबरोबर आदल्या रात्रीचे स्वप्न, दिवसाचे हवामान आणि मनाची अवस्था वहीत टिपायची. याच्या जोडीला तेरा चिठ्ठ्यांचा विधी चालतो. तेरा इच्छा तेरा चिठ्ठ्यांवर लिहून घड्या घालायच्या आणि रोज रात्री एक चिठ्ठी न उघडता जाळायची. बारा इच्छा अशा नियतीच्या हाती सोपवल्या जातात. ६ जानेवारीला उरलेली तेरावी उघडायची. ती इच्छा स्वतःच्या कष्टाने पूर्ण करायची असते.

कार्डांचा इतिहास त्यामानाने अलीकडचा. टॅरो या भविष्य पाहण्याच्या प्रसिद्ध पत्त्यांचा संच ठरलेला असतो: ७८ पत्ते, त्यांत २२ मोठे आणि ५६ लहान. ओरॅकल संचाला असा साचा नाही. पत्ते किती आणि चित्रे कोणती, हे रचणारा ठरवतो. या घराण्यातला जुना संच म्हणजे ३६ पत्त्यांचा लेनोर्मां. त्याचे मूळ न्यूरेंबर्गच्या योहान हेख्टेलने १८०० च्या सुमारास काढलेल्या, फाशांनी खेळायच्या एका घरगुती खेळात आहे. पॅरिसची प्रसिद्ध भविष्यवेत्ती मारी-आन लेनोर्मां १८४३ मध्ये वारली. त्यानंतर प्रकाशकांनी तिचे नाव या पत्त्यांना जोडले. मनोरंजनासाठी काढलेली जहाज, चावी, ढग, जहाजाचा नांगर ही चित्रे लोकांनी आपल्या चिंतांसाठी वापरायला घेतली.

कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावतात, त्याच्याशी याची तुलना सुचते. मूर्तीला चिकटवलेली पाकळी उजवीकडून पडते की डावीकडून, यावर होकार-नकार ठरतो. तिथे देव असतो, गुरव असतो, गाऱ्हाणे मोठ्याने घातले जाते आणि बहुधा चार माणसे साक्षीला असतात. ओरॅकल कार्डाला होय-नाही विचारले तर ते मुके राहते. ‘मी काय धरून बसलो आहे?’ असा उघडा प्रश्न त्याला लागतो, आणि उत्तर काढणाऱ्यालाच एकट्याने शोधावे लागते.

कार्ड भविष्य सांगते, याला पुरावा नाही. बर्ट्राम फोरर या मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये ३९ विद्यार्थ्यांना ‘तुमचे व्यक्तिमत्त्व’ म्हणून कोणालाही लागू पडेल असा एकच मजकूर वाटला. त्यांनी त्याच्या अचूकतेला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. कार्डावरचे शब्द ‘अगदी माझ्यासाठीच’ वाटतात त्यामागे हेच आहे. म्हणून वही महत्त्वाची. जानेवारीत लिहिलेले पान सप्टेंबरमध्ये वाचले की कार्ड खरे ठरले का यापेक्षा, तेव्हा आपल्याला कशाची धास्ती होती आणि कशाची ओढ, हे लख्ख दिसते. या साधनेचे खरे धन ते आहे, असे माझे मत.

हिवाळाच का, हे उजेडाच्या हिशोबातून कळते. २१ डिसेंबरला म्युनिकमध्ये सूर्य जेमतेम सव्वाआठ तास वर असतो. मुंबईत जवळजवळ अकरा. शेतावर बर्फ, दुपारी साडेचारला अंधार, माणसे शेकोटीभोवती: आत वळायला ऋतूच भाग पाडतो. त्याच अंधाराची दुसरी बाजूही आहे. हिवाळ्यात दरवर्षी परतणाऱ्या नैराश्याचे वर्णन मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेनथाल आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये केले. झोप, भूक आणि उमेद आठवडेच्या आठवडे बिघडलेली असेल, तर कार्डे बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा.

वर्षअखेरच्या रात्री वितळलेले शिसे पाण्यात ओतून त्याच्या आकारातून भविष्य वाचण्याची चालही याच प्रदेशातली. युरोपीय संघाच्या नियमांमुळे २०१८ पासून शिशाचे ते संच बाजारातून गेले. आता मेण किंवा कथील वापरतात. आकार वाचण्याची हौस तशीच आहे, आणि कित्येक घरांत त्या मेणाशेजारी कार्डांचा संचही मांडलेला असतो.